समुद्रात खाली जाताना शेवाळ आणि प्रवाळ कसे बदलतात?

सागरगोटा

डिसेंबरात लक्षद्वीपला, कदमत बेटावर गेले होते. चार डाइव्ह झाले. तिसऱ्या डाइव्हला १८ मीटरवर खडकाची कड लागून बोट खरचटलं आणि रक्त आलं ते हिरवट-तपकिरी. काळजात धस्स झालं. प्रशिक्षकाने टॉर्चचा झोत टाकला, तेव्हा तेच रक्त लालभडक दिसलं. मग लक्षात आलं, माझ्या पायातल्या लाल फिन्सही कधीच्या करड्या झाल्या होत्या.

पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. पाच-दहा मीटरांत लाल जवळपास संपतो, मग नारिंगी, मग पिवळा. स्वच्छ समुद्रात निळा सर्वांत खोल पोचतो. तिथे रक्तावर पडायला लाल उजेडच नसतो, तर परत येणार कुठून?

पण मला हा धागा काढायला लावलं ते रक्ताने नाही. टॉर्च पुढे सरकला आणि बाहेर आलेल्या खडकाच्या पोटाखाली गेला. तिथे अंधारात सगळा खडक गुलाबी-जांभळ्या लेपाने मढलेला होता, कुणी हाताने सारवून ठेवल्यासारखा. मला तो दगडाचाच रंग वाटला. वर आल्यावर कळलं की ते जिवंत शेवाळ आहे. चुनखडी शेवाळ म्हणतात त्याला. अंगात चुना साठवतं, खडकाला खडक जोडतं आणि प्रवाळाची पोहणारी पिल्लं जागा शोधत येतात तेव्हा त्यातल्या कित्येकांना बसायला हाच लेप लागतो.

तेव्हापासून मिळेल ते वाचतेय. उतारावरून खाली जाताना जे बदलत जातं ते थोडक्यात लिहिते, चुकलं तर दुरुस्त करा.

लाटा फुटतात त्या कडेवर हेच चुनखडी शेवाळ राज्य करतं, कारण तिथला मार दुसऱ्या कुणाला सोसत नाही. पॅसिफिकच्या कित्येक कंकणद्वीपांवर वाऱ्याच्या बाजूला त्याचा चक्क बांध तयार झालेला असतो. त्याच्या आत-बाहेर उथळात, भरपूर उन्हात, खडकांवर सतरंजीसारखं आखूड शेवाळ असतं. ते दिसतही नाही, कारण पोपटमासे आणि सर्जनमासे ते सतत कुरतडत असतात. त्या कुरतडण्याचा करकर आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो. फांद्यांचे प्रवाळही याच भागात. खाली गेलं की मोठे घुमटासारखे प्रवाळ. आणखी खाली तेच चपटे होत जातात आणि शेवटी मंगलोरी कौलांसारखे एकावर एक पसरतात. उजेड कमी, म्हणून पसरून गोळा करायचा.

आणि हॅलिमेडा हे हिरवं शेवाळ! फड्या निवडुंगाचं बारकं रूप. तिच्या एका जातीचं नावच ‘ओपन्शिया’, म्हणजे निवडुंग. चकत्यांची माळ असते, प्रत्येक चकतीत चुना. नवी चकती रात्रीत फुटते, पांढरी असते, आणि उजाडता उजाडता हरितद्रव्य आत सरकून हिरवी होते. मेली की वाळू. उष्ण कटिबंधातल्या पांढऱ्याशुभ्र किनाऱ्यांवर आपण चालतो ती वाळू बऱ्याच ठिकाणी हिचीच असते. एवढा पसारा, आणि अख्खी वनस्पती म्हणजे आत भिंती नसलेली, असंख्य केंद्रकांची एकच पेशी.

माझा प्रश्न: जिथे लाल उजेड पोचतच नाही तिथे लाल शेवाळ कशाला?

खडूफळा

फार चांगला प्रश्न. उत्तर प्रश्नातच आहे. वस्तू लाल दिसते कारण ती लाल परत पाठवते आणि बाकीचे रंग शोषते. लाल शेवाळात फायकोएरिथ्रिन नावाचं रंगद्रव्य असतं. ते हिरवा आणि निळसर हिरवा उजेड पकडतं आणि ती ऊर्जा हरितद्रव्याकडे पोचवते. खोलात नेमका हाच उजेड शिल्लक असतो.

जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ एंगेलमान यांनी १८८३ मध्ये यावरून नियम मांडला. वरती हिरवी, मध्ये तपकिरी, खाली लाल. मी एकतीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवलं, दर वर्षी फळ्यावर तीन रंगांच्या खडूंनी हे तीन पट्टे काढले.

उत्तरायण

सर, आदर ठेवून लिहितो, ते तीन पट्टे प्रत्यक्षात तसे सापडत नाहीत. मी फ्लोरिडात राहतो, समोरच बहामा. त्यामुळे तिथली एक गोष्ट मला पाठ आहे.

१९८४ मध्ये सान साल्वादोर बेटाजवळ, नकाशावर नसलेल्या एका समुद्री डोंगरावर अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचे मार्क आणि डायान लिटलर हे दांपत्य आणि त्यांचे सहकारी ‘जॉन्सन-सी-लिंक’ या पाणबुडीतून उतरले. डोंगराचा माथाच ८१ मीटरवर. तिथून खाली त्यांनी काय उगवतं ते मोजत नेलं. ८१ ते ९० मीटर लोबोफोरा, म्हणजे तपकिरी. ९० ते १३० हॅलिमेडा, म्हणजे हिरवी. १३० ते १८९ पेसोनेलिया, लाल. आणि १८९ पासून थेट २६८ मीटरपर्यंत सागरगोटाताईंनी पाहिलं तसलं लाल चुनखडी शेवाळ, खडकाला लेपासारखं चिकटलेलं.

म्हणजे तपकिरीच्या खाली हिरवी! नियम खरा असता तर हॅलिमेडा तिथे असायलाच नको होती.

२६८ मीटरवर पृष्ठभागाच्या ०.०००५ टक्के उजेड असतो, दोन लाखांत एक भाग. एवढ्याशा उजेडावर एक सजीव स्वतःचं अन्न स्वतः करतोय. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून होतो.

मुक्तछंद

वाचतेय. दोन लाखांत एक! अंगावर काटा आला.

देवबागकर

आमच्याकडचं सांगतो. मालवणात पाणी निवळ असतं ते पावसाळा संपून गाळ खाली बसल्यावर, तेही चांगल्या दिवशी पाच-सहा मीटर दिसतं. लक्षद्वीपचं पाणी आमच्याकडे नाही. नद्यांचा गाळ, खाड्यांचं पाणी, सगळं इथेच येतं. त्यामुळे ताईंना जो अंधार तीस मीटरवर भेटतो तो आम्हाला आठ-दहावर भेटतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचे प्रवाळ म्हणूनच उथळातच आहेत. पाणी निळंही नसतं आमचं, हिरवट असतं. कुजलेल्या पाल्याचा पिवळसर अंश पाण्यात विरघळलेला असतो, तो निळा उजेड खातो आणि हिरवा तेवढा खाली जातो.

दुसरी गोष्ट सरांसाठी. जुलै-ऑगस्टात या. भरतीच्या रेषेजवळच्या सगळ्यात वरच्या खडकांवर, जिथे ओहोटीला ऊन नि पाऊस थेट पडतो, तिथे पातळ, चिकट, जांभळट-तांबूस पापुद्रे उगवलेले असतात. ते पोर्फायरा. लाल वर्गातलं शेवाळ! जपानी लोक सुशीभोवती गुंडाळतात त्या नोरीच्या नात्यातलं. गणपती होऊन गेले की हळूहळू नाहीसं होतं. लाल शेवाळ खोलातच असतं म्हणणाऱ्यांनी ते एकदा बघावं. त्याच्या खाली हिरवी उल्व्हा, त्याच्या खाली तपकिरी सारगॅसम. आमच्या खडकावर सरांचा फळा उलटा आहे.

खडूफळा

देवबागकर आणि उत्तरायण, दोघांचंही मान्य. खरं तर लाल शेवाळ भरपूर उजेडातही असतं आणि खोलातही असतं, हे वाक्य पाठ्यपुस्तकात असायचंच. मुलांना ते वाचून दाखवून मी वळून तीन पट्टे काढायचो. पट्टे लक्षात राहतात म्हणून.

काल रात्री जुन्या नोंदी काढून बसलो. एंगेलमान यांना त्यांच्या हयातीतच विरोध झाला होता. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ओल्टमान्स यांनी १८९२ मध्ये म्हटलं की रंगापेक्षा उजेड किती मिळतो हे महत्त्वाचं. आजचा कलही त्या बाजूचा आहे. याचं एक कारण साधं आहे. शेवाळाचं अंग जाड आणि रंगद्रव्याने गच्च भरलेलं असेल तर ते हिरवं असो वा तांबडं, आलेल्या बहुतेक सगळ्याच रंगांचा उजेड ते शोषतं. वर्गात काचेच्या नळीत हरितद्रव्याचा पातळ अर्क घेऊन आपण दाखवतो की हिरवा रंग वाया जातो. ते त्या अर्काच्या बाबतीत खरं आहे, जाड पानाच्या बाबतीत तितकंसं नाही.

शिवाय हॅलिमेडा, कॉलर्पा, कोडियम या मंडळींकडे सायफोनोझॅन्थिन नावाचं वेगळं रंगद्रव्य असतं, ते हिरवा उजेडही पकडतं. म्हणजे ‘हिरवी’ म्हणून एका गठ्ठ्यात टाकलं तरी सगळी सारखी नाहीत.

तरीही एंगेलमान अगदी चुकले असं मला म्हणवत नाही. २६८ मीटरवर शेवटचं जे सापडलं ते लालच होतं.

सागरगोटा

सर, मनापासून आभार. तुमची शेवटची ओळ मलाही पटते. पण ते शेवटचं शेवाळ लेपासारखं आहे, फांद्या नाहीत, उंच वाढायचा खर्च नाही, वाढ अतिशय सावकाश. खोलात टिकायला कमाई वाढवण्याइतकंच खर्च कमी करणं लागतं, असं मला वाटतंय.

सगळ्यांचं वाचून एक गोष्ट नीट कळली. मीटर हे मोजायला सोयीचे म्हणून आपण वापरतो, शेवाळाला मीटर ठाऊक नाहीत. माझा तो खडकाच्या पोटाखालचा लेप १८ मीटरवर होता, पण त्याला मिळणारा उजेड कितीतरी खोलातला होता. दोन हात वर, त्याच खडकाच्या माथ्यावर, ऊन खाणारे प्रवाळ. एकाच खडकाला वरून खाली हात फिरवला तर कित्येक मीटरांचा प्रवास होतो. (हात प्रत्यक्षात फिरवू नये, हे सांगायला नकोच.) देवबागकरांच्या मालवणात तोच प्रवास गढूळपणामुळे आखडतो.

प्रवाळांबद्दलही थोडं. प्रवाळ हा प्राणी, पण त्याच्या अंगात एकपेशी शेवाळ राहतं, झूझॅन्थेली. प्रवाळाचं बरंचसं अन्न तेच करतं. त्यामुळे प्रवाळ किती खोल जाईल हेही शेवटी शेवाळावर येतं. लेप्टोसेरिस नावाचे प्रवाळ यात सगळ्यांच्या पुढे. तांबड्या समुद्राच्या उत्तर टोकाला, अकाबाच्या आखातात हान्स फ्रिक आणि सहकाऱ्यांनी छोट्या पाणबुडीतून लेप्टोसेरिसची एक जात ९५ ते १४५ मीटरवर अभ्यासली. फ्रेंच पॉलिनेशियात तर दुसरी एक जात १७२ मीटरवर सापडली आहे. पातळ, पसरट, कागदासारखे.

भाडेकरूही खोलीप्रमाणे बदलतात, हे मला फार आवडलं. पनामाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात दिसलं की एकाच प्रकारच्या प्रवाळात उन्हाच्या भागात एका वंशाची झूझॅन्थेली आणि सावलीच्या, खोलातल्या भागात दुसऱ्या वंशाची राहते. एकाच वसाहतीच्या माथ्यावर एक आणि कुशीला दुसरी.

आणि ते चमकणारे रंग! उथळातले प्रवाळ चमकदार प्रथिनं उन्हाच्या माऱ्यापासून बचावासाठी वापरतात. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं की खोलातल्या काही प्रवाळांत तसलीच प्रथिनं निळा उजेड घेऊन नारिंगी-लाल करून सोडतात, म्हणजे तो ऊतीत आणखी आतपर्यंत, आतल्या शेवाळापर्यंत पोचतो. वर छत्री, खाली कंदील.

मुक्तछंद

एक बाळबोध शंका. उजेडच सगळं ठरवत असेल तर उथळात, जिथे रखरखीत ऊन आहे, तिथे शेवाळाचं रान माजायला हवं. ताईंनी लिहिलंय की तिथे ते दिसतही नाही. असं का?

उत्तरायण

बाळबोध मुळीच नाही. मला या विषयात सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न हाच आहे. उत्तर ताईंच्या पहिल्या पोस्टमधल्या करकर आवाजात आहे. रान माजतंच, फक्त ते उगवल्या उगवल्या खाल्लं जातं. उथळात उगवण जास्त आणि खाणारेही जास्त. खाली जाल तसे शेवाळखाऊ मासे कमी होत जातात, पण उगवणही मंदावते.

खाणारे गेले की काय होतं ते जमैकाने पाहिलं. तिथल्या डिस्कव्हरी बे भागातली प्रवाळभिंत जगातल्या सगळ्यात नीट अभ्यासलेल्या भिंतींपैकी आहे. सागरी जीवशास्त्रज्ञ थॉमस गोरो यांनी १९५० च्या दशकापासून, पाण्याखाली श्वास घ्यायची साधनं नवी असताना, तिथे उतरून वरपासून खालपर्यंतचे पट्टे लिहून काढले. सांबराच्या शिंगांसारखे प्रवाळ वर, मग घुमट, मग पसरट थाळ्या, आणि खोल अंधारात चुन्याचा सांगाडा बांधणारे स्पंज. ते स्पंज जीवाश्मशास्त्रज्ञांना फार जुन्या काळच्या जीवांची आठवण करून देणारे निघाले.

जमैकात मासेमारी आधीच बेसुमार होती, पोपटमासे उरले नव्हते. तरी भिंत तग धरून होती, कारण लांब काळ्या काट्यांचे समुद्री साळू, डायडेमा, शेवाळ खात होते. १९८० मध्ये ॲलन चक्रीवादळाने उथळातले फांद्यांचे प्रवाळ मोडले. १९८३-८४ मध्ये एका रोगाने कॅरिबियनभर डायडेमा मेले. आता खाणारं कुणीच नाही. प्रवाळांचे अभ्यासक टेरेन्स ह्यूज यांनी १९९४ मध्ये आकडे मांडले. १९७७ मध्ये तळाचा ५० टक्क्यांहून जास्त भाग जिवंत प्रवाळाखाली होता, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो ५ टक्क्यांच्या आत आला. मोठं शेवाळ ४ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेलं.

गोरोंनी लिहिलेले उथळातले ते पट्टे आज तिथे तसे बघायला मिळत नाहीत. ज्यांनी आयुष्यभर एकच भिंत पाहिली त्यांना काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

देवबागकर

पोपटमाशाचं वाचून वाईट वाटलं. आमच्याकडेही खडकाजवळची मासेमारी वाढलीच आहे.

खोलीवरून आजोबा आठवले. दोरीला शिशाचं वजन बांधून पाणी मोजायचे आणि ओरडायचे, “धा वाव पाणी इला!” वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरचं अंतर, पावणेदोन मीटरच्या वर थोडं. वर आलेल्या वजनाला चिखल लागलाय की वाळू, हे बघून खाली काय आहे ते सांगायचे.

खडूफळा

देवबागकर, तुमच्या आजोबांची पद्धत आणि डार्विनची एकच! एप्रिल १८३६ मध्ये त्याचं जहाज ‘बीगल’ हिंदी महासागरातल्या कीलिंग बेटांवर थांबलं होतं. कप्तान फिट्झरॉय यांनी बाहेरच्या उतारावर घंटेच्या आकाराचं शिसं सोडलं, त्याच्या तळाला चरबी थापलेली. १२ वावांच्या आत प्रत्येक वेळी चरबी स्वच्छ वर यायची आणि तिच्यावर प्रवाळाचे ठसे असायचे. २० वावांच्या पुढे २५ वेळा शिसं सोडलं, २५ही वेळा वाळू. यावरून डार्विनने ठरवलं की भिंत बांधणारे प्रवाळ वीस-तीस वावांपलीकडे जगत नाहीत, म्हणून खोल समुद्रातली कंकणद्वीपं बुडत्या डोंगरावरच उभी राहिली असणार. १९५२ मध्ये पॅसिफिकमधल्या एनेवेटाक कंकणद्वीपावर भोक पाडलं तेव्हा सुमारे १४०० मीटर प्रवाळखडकाखाली ज्वालामुखीचा दगड लागला.

डार्विनला ठाऊक नसलेलं एवढंच, की वीस वावांखालीही पातळ थाळ्यांचं एक जग आहे.

मुक्तछंद

मग ते खालचं जग तरी सुरक्षित आहे ना? ब्लीचिंगच्या, म्हणजे उष्णतेने प्रवाळ पांढरे पडण्याच्या, बातम्या वाचते तेव्हा वाटतं, वरचे मेले तरी खालून पुन्हा येतील.

उत्तरायण

तशी आशा संशोधकांनाही होती. ३० ते १५० मीटरच्या पट्ट्याला मेसोफोटिक म्हणतात. हौशी डायव्हरची मर्यादा ४० मीटर, आणि पाणबुड्या बहुतेक त्याहून खूप खोल कामांना जायच्या, म्हणून हा पट्टा कितीतरी वर्षं न पाहिलेलाच राहिला. पाहायला लागल्यावर कळलं की खालचे रहिवासी पुष्कळदा वेगळेच आहेत. वरची फांदी मेली तर खालची थाळी तिची जागा घेईलच असं नाही.

आणि उष्णताही पोचते. लक्षद्वीप-मालदीवच्याच डोंगररांगेच्या दक्षिण टोकाला चागोस आहे. तिथे नोव्हेंबर २०१९ मध्ये प्लिमथ विद्यापीठाच्या चमूने पाण्याखालच्या रोबोटने पाहिलं, तर ९० मीटरवर प्रवाळ पांढरे पडलेले होते. वरचे त्या वेळी ठीक होते! त्या वर्षी हिंदी महासागराच्या पूर्व-पश्चिम तापमानातल्या चढउतारामुळे, म्हणजे द्विध्रुवामुळे, वरचा गरम पाण्याचा थर जाड झाला आणि गार पाण्याची सीमा खाली ढकलली गेली. २२ अंशांत राहणाऱ्या प्रवाळांना २९ अंश सोसावे लागले. नंतरच्या फेऱ्यांत बराचसा भाग सावरलेला दिसला, हे मात्र सांगायला हवं.

देवबागकर

आमच्या समोरही असं एक ठिकाण आहे. विजयदुर्गापासून पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आंग्रे बँक, कान्होजींच्या नावाची. पाण्यातलं पठार, माथा २० मीटरच्या आसपास. किनाऱ्याचा गाळ तिथवर पोचत नाही, पाणी निळं, आणि प्रवाळ आहेत. माझ्या ओळखीचे दोघे जण अभ्यासाच्या बोटीवर मदतीला गेले होते, ते म्हणाले, आपल्याच समुद्रात एवढं लांबचं दिसतं यावर विश्वास बसेना.

मुक्तछंद

फेब्रुवारीत अगत्तीला जायचं ठरतंय. मला डाइव्ह जमणार नाही, फक्त स्नॉर्केल. उथळातल्या उथळात यातलं काही दिसेल का?

सागरगोटा

पुष्कळ दिसेल. पाण्यात चालणारा छोटा टॉर्च न्या. एखादा मोठा घुमटाकार प्रवाळ निवडा आणि त्याच्यापाशी दहा मिनिटं थांबा. आधी माथा बघा, मग कड, मग श्वास धरून खाली वाकून पोटाखाली झोत टाका. गुलाबी लेप दिसेल. वाळूत पांढऱ्या चकत्या शोधा, मधोमध किंचित दुमडलेल्या, त्या हॅलिमेडाच्या. उचलून बघा आणि तिथेच ठेवा. कान पाण्यात ठेवा, करकर ऐकू येईल.

खडूफळा

आणि देवबागकर, जुलैत मी येतो. गुडघे साथ देतील तोवर तो पोर्फायरा पाहून घ्यायचाय.

देवबागकर

या सर. अमावास्येच्या आसपासची मोठी ओहोटी बघून दिवस कळवतो. खडक निसरडे असतात, हात धरून नेईन.